दुसरीची वजाबाकी : शुक्रवारी आलेली सोमवारी कुठे जाते?

प्रश्न : टाचणवही

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत पहिली आणि दुसरी हे दोन्ही वर्ग एकाच खोलीत घेते. पहिलीत ८ आणि दुसरीत ११ मुले आहेत. गेल्या आठवड्यात दुसरीला दशक सुटा करून करायची दोन अंकी वजाबाकी शिकवली. तो आठवडा जसा गेला तसा मांडते आणि चूक कुठे झाली ते जाणकारांनी सांगावे, अशी विनंती करते.

सोमवारी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून घेतले आणि सुट्या काड्या कमी पडल्या की एक गठ्ठा सोडायचा, हे सर्वांकडून प्रत्यक्ष करून घेतले. मंगळवारी तेच फळ्यावर चित्रांनी दाखवले आणि मुलांनी वहीत गठ्ठ्यांसाठी उभ्या रेषा व सुट्यांसाठी टिंबे काढली. बुधवारी उभी मांडणी घेतली, म्हणजे वरचा दशक खोडून त्यावर एकाने कमी असलेला अंक लिहायचा आणि एककाच्या घरात दहा मिळवायचे. गुरुवारी आमच्याकडे आठवडी बाजार असतो, त्यामुळे दुसरीची ७ मुलेच हजर होती आणि मी नवीन काही न घेता बुधवारचाच सराव घेतला. शुक्रवारी फळ्यावर ५ गणिते लिहून दिली. हजर असलेल्या १० मुलांपैकी ८ जणांची किमान ४ गणिते बरोबर आली, तेव्हा मी समाधानाने टाचणात घटक पूर्ण झाल्याची नोंद केली. शनिवारी सकाळची शाळा असल्यामुळे कवायत, गाणी आणि चित्रकला यांतच वेळ गेला.

पुढच्या सोमवारी परिपाठानंतर सहज म्हणून दोनच गणिते तोंडी सांगून वहीत लिहायला लावली : ४२ वजा १७ आणि ६३ वजा २८. सर्व ११ मुले हजर होती आणि दोन्ही उत्तरे बरोबर आली ती केवळ चौघांची. उरलेल्या सात जणांपैकी चौघांनी पहिल्या गणिताचे उत्तर ३५ आणि दुसऱ्याचे ४५ लिहिले. दोघांनी संख्याच उलट लिहिल्या, म्हणजे ४२ च्या जागी २४ आणि ६३ च्या जागी ३६. त्यांतल्या मुलाचे पहिले उत्तर १३ आले, तर मुलीची उत्तरे ७ आणि ८ अशी आली. एका मुलाने १५ आणि २५ लिहिले, तो बहुधा निष्काळजीपणा असावा. दोन दिवसांत इतके विसरणे शक्य आहे का, की मुळात ते आलेच नव्हते? हा घटक पुन्हा पहिल्यापासून घ्यावा, तर पुढचा आठवडा ज्या मोजमापाच्या घटकासाठी राखून ठेवला आहे त्याचे काय करावे?

उत्तर १ : खडू आणि डस्टर

ताई, तुम्ही चुकीची उत्तरे जशीच्या तशी लिहिलीत, ही मोठी गोष्ट आहे. आपल्यापैकी बहुतेक जण ‘सात जणांना आले नाही’ एवढेच लिहून थांबतात. तुमच्या सात मुलांच्या चुका एकाच जातीच्या नाहीत, त्यामुळे घटक सर्वांना पहिल्यापासून शिकवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे मला वाटते.

आधी त्या ३५ कडे पाहू. ४२ वजा १७ चे उत्तर ३५ येण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत. एका मुलाला २ मधून ७ जात नाहीत एवढे दिसते, म्हणून तो सरळ ७ मधून २ काढतो, ५ लिहितो आणि ४ मधून १ काढून ३ लिहितो. दुसरा मुलगा दशक सुटा करतो, १२ मधून ७ काढून ५ लिहितो, पण वरचे ४ खोडून ३ करायला विसरतो आणि त्यामुळे त्याचेही ३५ येतात. पहिल्याला दशक सुटा करण्याची कल्पनाच पोचलेली नाही, तर दुसऱ्याला ती पूर्ण समजली असून त्याची फक्त एक पायरी निसटली आहे. या दोघांना एकच उपाय करणे म्हणजे खोकला आणि खरचटणे यांवर एकच औषध देण्यासारखे आहे. गंमत अशी की ६३ वजा २८ या गणितातही हेच होते : ८ मधून ३ गेले तरी ५ आणि १३ मधून ८ गेले तरी ५. एककाच्या दोन अंकांत ५ चा फरक असला की या दोन चुका एकमेकींच्या मागे लपतात, आणि तुमच्या दोन्ही गणितांत नेमका तोच फरक आला आहे. (मी स्वतः कित्येक वर्षे चाचणीत अशीच गणिते देत होतो, हे कबूल करतो.) त्याऐवजी ४३ वजा १७ द्या. लहान अंक मोठ्यातून काढणाऱ्याचे उत्तर ३४ येईल, दशक कमी करायला विसरणाऱ्याचे ३६ येईल आणि बरोबर करणाऱ्याचे २६. ६१ वजा २४ या गणितात हीच उत्तरे अनुक्रमे ४३, ४७ आणि ३७ अशी येतील. मग कोणाला पुन्हा काड्यांकडे न्यायचे आणि कोणाला फक्त ‘गठ्ठा सोडलास, मग आता गठ्ठे किती उरले?’ एवढेच विचारायचे, ते वहीच सांगेल.

आता त्या मुलीविषयी, जिची उत्तरे ७ आणि ८ आली. २४ वजा १७ बरोबर ७ आणि ३६ वजा २८ बरोबर ८. तिने लिहिलेल्या दोन्ही गणितांत दशक सुटा करावा लागतो आणि दोन्ही उत्तरे अचूक आहेत! तिची वजाबाकी पक्की आहे, चुकले आहे ते संख्यालेखन. शुक्रवारी तुम्ही गणिते फळ्यावर लिहिली होती आणि सोमवारी तोंडी सांगितली, हा फरक तुमच्याच लिखाणात आहे. म्हणजे सोमवारी तुम्ही वजाबाकी आणि श्रुतलेखन अशा दोन परीक्षा एकदम घेतल्या. तिच्यासोबतच्या मुलाचे १३ मात्र ७ मधून ४ काढून आले आहेत, त्यामुळे त्याला दोन्ही बाबतीत मदत लागेल. १५ आणि २५ ही उत्तरे कशी आली ते मला उलगडले नाही. त्या मुलाजवळ बसून, चूक न दाखवता, ‘कसे केलेस ते मला सांग’ एवढे विचारून पाहा. दोन्ही गणितांत उत्तर बरोबर दहानेच कमी आहे, आणि निष्काळजीपणा सहसा इतका नेमका नसतो.

राहिला विसरण्याचा प्रश्न. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली असे दाखवले की नव्याने पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटतो. त्याचे प्रयोग निरर्थक अक्षरसमूहांवर होते आणि वजाबाकी ही अर्थपूर्ण गोष्ट आहे, हे खरे. तरीही एकाच दिवशी वीस गणिते घेण्यापेक्षा चार दिवस पाच-पाच घेतलेली अधिक टिकतात, हा अनुभव वर्गावर कोणालाही घेता येईल. चार दिवस एकच प्रकार घोटल्यावर शुक्रवारी मुलांना विचार करावाच लागत नाही, कारण आज दशक सुटाच करायचा आहे हे त्यांना सकाळपासून ठाऊक असते. दशक सुटा करावा लागतो आणि लागत नाही अशी दोन्ही प्रकारची गणिते सरमिसळ करून द्या. ५८ वजा २३ मध्येही एखादा मुलगा दशक खोडताना दिसेल, आणि तेव्हा खरे काय ते कळेल.

उत्तर २ : सीमेवरची शाळा

वरच्या सरांनी संख्यालेखनाचा मुद्दा ओझरता सांगितला आहे, त्यात थोडी भर घालतो. आपल्या भाषेत बेचाळीस म्हणताना आधी दोन ऐकू येतात आणि नंतर चाळीस, मात्र लिहिताना आधी चार लिहायचे असतात. त्रेसष्ट, सत्तावीस, पंच्याऐंशी, सगळ्यांचे तेच. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस यांत तर पुढच्या दशकाचे नाव ऐकू येते आणि आधीचा दशक लिहावा लागतो, आणि नव्याण्णवपाशी आल्यावर ती रीतही मोडते. माझ्या वर्गात घरी कन्नड बोलणारी काही मुले आहेत. ती बेचाळिसाला ‘नलवत्तेरडु’ म्हणतात, म्हणजे आधी चाळीस आणि मग दोन, आणि याच मुलांना मराठीतून संख्या सांगितली की ती क्षणभर थबकतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते अनेकांना आठवत असेल. विधानसभेपासून विनोदी संदेशांपर्यंत सगळीकडे तोच विषय होता आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना त्यामागची भूमिका वारंवार समजावून सांगावी लागली. त्या वादात मी कोणत्याही बाजूने हिरिरीने उतरलो नव्हतो आणि आजही बेचाळीस हा शब्द मुलांच्या तोंडून जाऊ नये असेच मला वाटते, कारण बाजारात आणि घरी तोच चालतो. पण ज्या अडचणीसाठी तो बदल सुचवला गेला ती अडचण खरी आहे, आणि तुमची ती मुलगी तिचा चालताबोलता पुरावा आहे. मी इतकेच करतो की काही आठवडे दोन्ही नावे जोडीने घेतो : ‘बेचाळीस, म्हणजे चाळीस आणि दोन’. मुले आधी चाळिसाचे कार्ड ठेवतात आणि त्याच्या शून्यावर दोनचे कार्ड बसवतात. परिपाठानंतरची पाच मिनिटे पुरतात आणि त्यासाठी वेगळा घटक राखावा लागत नाही.

उत्तर ३ : बाराखडीच्या पलीकडे

मीही बहुवर्ग शिक्षिका आहे, त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या वाक्याला, म्हणजे ‘पुढच्या घटकाचे काय करावे’ याला, उत्तर देते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी ४ तास. आपल्या खोलीत दोन वर्ग असल्यामुळे एका वर्गाच्या वाट्याला आपण स्वतः त्यातले निम्मेच येतो आणि उरलेला वेळ मुले आपल्या आपण काम करतात. म्हणून ‘एक आठवडा, एक घटक’ ही चौकट एकवर्गीय शाळेत जितकी चालते तितकी आपल्याकडे चालत नाही. मी मोजमाप सुरू करते, पण वजाबाकी सोडत नाही. रोज गणिताच्या तासिकेची पहिली दहा मिनिटे मागच्या घटकाची असतात आणि त्या वेळी पहिलीची मुले पाटीवर वळण गिरवतात किंवा मणी मोजतात. दोरीची लांबी हातांनी आणि वितींनी मोजताना ‘३२ विती होती, १५ विती कापली’ असे म्हटले की मोजमापातही वजाबाकी येतेच.

तुमच्या गुरुवारबद्दलही थोडे लिहिते. बाजाराच्या दिवशी हजेरी कमी राहणार हे आपल्याला वर्षभर ठाऊक असते, तरीही आपण टाचणात तो दिवस इतर दिवसांसारखाच धरतो. मी बुधवारी महत्त्वाची पायरी शिकवणे बंद केले आहे, कारण दुसऱ्या दिवशी जी मुले येत नाहीत त्यांच्या हातून तिचा पहिला सराव सुटतो आणि ती शुक्रवारी थेट चाचणीला बसतात. गुरुवारी जी मुले येतात त्यांच्याबरोबर मी दुकान मांडते. खेळण्यातल्या दहाच्या नोटा आणि एकची नाणी असतात. वाण्याला १७ रुपये द्यायचे आहेत आणि मुलाजवळ दहाच्या चार नोटा व दोन नाणी आहेत, तर तो काय करील? कोणीही न शिकवता तो म्हणतो, ‘दहाचे सुट्टे द्या’. आपण वर्गात ज्याला दशक सुटा करणे म्हणतो ते मुलांच्या बोलीत आधीच आहे, आपण फक्त तिथपर्यंत जात नाही. शुक्रवारी परतलेल्या मुलांना हीच मुले दुकानात बसवून शिकवतात आणि ते माझ्यापेक्षा बरे शिकवतात, असा माझा अनुभव आहे.

शुक्रवारची चाचणी मी सोमवारी घेऊ लागले, ती वरच्या सरांनी सांगितलेल्या कारणासाठीच. आमच्या केंद्रप्रमुखांनी एकदा विचारले होते की आठवड्याचे मूल्यमापन आठवड्यात का नाही. मी वह्या दाखवल्या, त्यांनी पाहिल्या आणि विषय तिथेच संपला.

उत्तर ४ : जुनी पाटी

मी शिक्षक नाही, निवृत्त बँक कर्मचारी आहे आणि नातवाला संध्याकाळी घेऊन बसतो, एवढ्याच अधिकाराने लिहितो. १५ हे उत्तर पाहून मी चमकलो, कारण ते माझ्या घरात घडलेले आहे.

आमच्या लहानपणी गुरुजींनी वजाबाकी निराळ्या रीतीने शिकवली होती. ४२ मधून १७ वजा करताना वरच्या ४ ला आम्ही हात लावत नसू. २ चे १२ करायचे, १२ मधून ७ गेले ५ उरले, आणि हातचा एक खालच्या १ मध्ये मिळवायचा, म्हणजे २. मग ४ मधून २ गेले २, उत्तर २५. वर दहा आणि खालीही दहा मिळवले की फरक बदलत नाही, असे त्यामागचे तत्त्व आहे, हे मला फार उशिरा कळले. तेव्हा आम्ही नुसतेच करत होतो आणि उत्तरे बरोबर येत होती. आता शाळेत वरचा ४ खोडून ३ करायला शिकवतात. नातवाने शाळेतले ऐकून वरचे ४ खोडून ३ केले, आणि माझे ऐकून खाली एक मिळवून १ चे २ केले. ३ मधून २ गेले १. उत्तर १५! ६३ वजा २८ मध्ये ५ मधून ३ गेले २, म्हणून २५. तुमच्या विद्यार्थ्याने दोन्ही पद्धती मनापासून पाळल्या असाव्यात. घरी कोणी आजोबा किंवा मोठे काका शिकवतात का, ते पाहावे. सूनबाईने मला समजावले तेव्हा मला थोडा राग आला होता हे खरे, पण आता मी नातवाला आधी शाळेत कसे शिकवले ते विचारतो आणि मगच पेन हातात घेतो.

टाचणवही (प्रश्नकर्ती), आठ दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. काय झाले ते कळवणे माझे काम आहे, म्हणून लिहिते.

सोमवारी ४३ वजा १७ आणि ६१ वजा २४ ही गणिते फळ्यावर लिहून दिली. ज्या चौघांचे ३५ आले होते त्यांच्यापैकी तिघांनी ३६ आणि ४७ लिहिले, म्हणजे त्यांना दशक सुटा करणे समजले होते आणि वरचा अंक कमी करण्याची पायरीच निसटत होती. चौथ्या मुलाने ३४ आणि ४३ लिहिले. त्याच्याशी बोलल्यावर कळले की मागच्या आठवड्यात मंगळवारी तो तापामुळे अर्ध्या दिवसातच घरी गेला होता आणि गुरुवारीही आला नव्हता. मी त्या तिघांना पुन्हा काड्या दिल्या नाहीत. फक्त गठ्ठा सोडल्याबरोबर उरलेले गठ्ठे मोठ्याने मोजायचे, एवढा एक नियम केला. तीन दिवस दहा-दहा मिनिटे सरमिसळ गणिते घेतली आणि शनिवारी सकाळी दुकान मांडले, कारण गुरुवारी या तिघांपैकी एकच आला होता. चौथ्यासोबत मात्र मला पहिल्यापासून बसावे लागले आणि ते अजून चालू आहे. मोजमापाचा घटक ठरल्याप्रमाणे सुरू केला आहे, दोरी आणि विती घेऊन.

१५ लिहिणाऱ्या मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘बाई, वरचं तुमचं केलं आणि खालचं आजोबांचं केलं.’ जुन्या पाटीवाल्या काकांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. त्याच्या आजोबांना मी शाळेत बोलावले नाही, मीच संध्याकाळी घरी गेले. त्यांनी मला त्यांची रीत समजावून सांगितली, मी त्यांना माझी सांगितली, आणि तिसरी संपेपर्यंत शाळेचीच रीत चालवायची, असे त्यांनीच ठरवले.

संख्या उलट लिहिणाऱ्या दोघांसाठी कार्डे केली आहेत. मुलाचे अजून अधूनमधून चुकते. मुलगी चाळिशी आणि साठीच्या संख्या आता बिनचूक लिहिते, पण एकोणपन्नास म्हटले की अजूनही ५९ लिहिते. तिच्या वर्णनात्मक नोंदीत मी त्या सोमवारी ‘वजाबाकीत मदतीची गरज आहे’ असे लिहून ठेवले होते. ती नोंद काट मारून ‘दशक सुटा करून वजाबाकी अचूक करते, ऐकलेल्या संख्येचे लेखन करताना मदत लागते’ अशी केली आणि खाली तारखेसह सही केली.